मिरची अजून यायची होती

माझे सासरे मिरची खात नसत. पथ्य नव्हतं, नवस नव्हता, पोटाची तक्रार तर मुळीच नव्हती. लष्करातून हवालदार होऊन परतलेला, सहा फूट उंचीचा, उंब्रजला स्वतःचा ऊस असलेला माणूस. त्यांनी दगडसुद्धा पचवला असता. ते मिरची खात नसत, कारण मिरची अजून यायची होती. "अजून आली न्हाई," असं ताटातली मिरची बोटाने बाजूला सारत ते इतक्या शांतपणे सांगत, की नवख्या माणसाला वाटावं, कुणी तरी आणायला बाजारात गेलंय आणि येईलच एवढ्यात.

देहाने मामंजी उंब्रजलाच होते. दुसरी लढाई चालू होती, चावडीवर सकाळ-संध्याकाळ तिच्याच बातम्या. मनाने मात्र ते तेराशे वर्षं मागे जाऊन चालुक्यांच्या सैन्यात भरती झाले होते. त्या सैन्यातल्या एका साध्या पायदळ शिपायावर ते पुस्तक लिहीत होते. राजावर का नाही, असं विचारलं की म्हणत, "राजाचं शिलालेख हायत. शिपायाचं कोन लिवनार?" शिपायाचं नाव नागण्णा, त्याच्या बायकोचं रेवक्का, घर करहाटाजवळ, म्हणजे आपल्या कऱ्हाडजवळ, कृष्णेच्या काठाला. आणि लिहिण्याचा नियम एकच. त्या काळी जे नव्हतं ते पुस्तकात येणार नाही, आणि पुस्तक पुरं होईतो लिहिणाऱ्याच्या पोटातही जाणार नाही.

याचं खापर एका बंगाली डॉक्टरवर फोडायला हवं. पहिल्या लढाईत मामंजी बसऱ्याच्या इस्पितळात पडून होते. तिथल्या पेजेला कंटाळून त्यांनी मिरची मागितली, तर डॉक्टर हसून म्हणाला, तुमच्या पूर्वजांनी हजारो वर्षं मिरचीवाचून काढली, तुम्ही आठवडा काढा. मिरची तर परवा फिरंग्यांच्या जहाजातून आली. मामंजींना गोळी लागल्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. शेजारच्या खाटेवर बदामीकडचा एक शिपाई होता, तो आपल्या गावची लेणी आणि तिथल्या राजांच्या गोष्टी सांगे. मामंजींच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात शिजल्या. एवढं मोठं राज्य, नर्मदेपर्यंत गेलेलं सैन्य, आणि एकाच्याही शिदोरीत खर्डा नाही. मग ते लढले कशाच्या जोरावर? हा प्रश्न उराशी धरून ते घरी आले, पुढे वीस वर्षं सवड मिळेल तसं वाचत राहिले, आणि एके दिवशी तिखट सोडून लिहायला बसले.

मला बघायला ते सांगलीला आले तो दिवस आमच्या माहेरात अजून सांगतात. माझे वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी. आईने पोहे केले होते. मामंजींनी चष्मा लावला आणि पोह्यांतली मिरची वेचून बशीच्या काठावर ओळीने मांडली. मग शेंगदाणे वेचले आणि त्यांची दुसरी ओळ लावली. "ही आन् हे, दोनीबी अजून आलं न्हाईत," असं वडिलांना समजावून सांगितलं. चष्मासुद्धा अजून आलेला नाही, पण डोळ्यांपुढे इलाज नाही, हेही प्रामाणिकपणे कबूल केलं. आई आत जाऊन डोळ्यांना पदर लावून बसली. पोरीच्या नशिबी वेडं घर आलं, असं तिला वाटलं. मला कुणी चालून दाखव म्हटलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. मामंजींनी दौत-टाक मागवला आणि मला सांगितलं, लिही: सैन्य पहाटे निघालं, घोड्यांना हरभरा मिळाला, माणसांना मिळाला नाही. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली, अक्षर वळणदार. त्यांनी कागद उजेडाला धरून पाहिला आणि पसंती देऊन टाकली. माझे पती रजेवरून आले होते, कोपऱ्यात बसले होते; त्यांनी तोवर मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मी नवऱ्याच्या आधी पुस्तकाला पसंत पडले.

कारण मामंजी लिहीत ते मोडीत, आणि त्यांची मोडी सांगलीच्या छापखान्यात कुणाच्या बापाला वाचता येईना. लग्नानंतर ह्यांची रजा संपली, हे लढाईवर गेले, आणि मी रोज दुपारी भांडी आवरली की सोप्यात बसून चालुक्यांची लेखनिक झाले. मामंजी मोडीतलं वाचत, मधेच खोडत, मधेच नवं सांगत, आणि मी बाळबोधीत उतरवून घेई. सोप्याच्या भिंतीवर त्यांनी एक कागद डकवला होता. वर मोठ्या अक्षरात 'अजून न आलेले', आणि खाली मिरची, भुईमूग, बटाटा, तंबाखू, मका, पेरू, चहा. लहान मुलांना पाढे येतात तशी ती यादी मला आठ दिवसांत तोंडपाठ झाली. यादीत नव्या पाहुण्याची भर पडली, की मामंजी त्या दिवशी फार खुशीत असत.

जे स्वतःच्या अंगाला लागलं नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा आणखी एक हट्ट. नागण्णाला भाला डोक्यावर धरून नदी उतरायची होती, तर मामंजींनी बांबूला विळा बांधला आणि भर सकाळी, धुणं धुणाऱ्या बायकांच्या देखत, कृष्णेत उतरले. पलीकडे पोचेपर्यंत काठावर निम्मं गाव जमलं. परत आले ते धोतर सावरत, पण भाला कोरडा. मला म्हणाले, "लिही. भाला ऱ्हातो, धोतार ऱ्हात न्हाई." पुस्तकात ते वाक्य जरा सभ्य करून आहे.

या सगळ्यात खरा अपमान झाला होता तो आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांच्या हातच्या खर्ड्याची कीर्ती कऱ्हाडपर्यंत होती, आणि घरचाच माणूस त्याला शिवत नव्हता. मी आले तेव्हा त्या गोष्टीला पाच वर्षं झाली होती. त्या मामंजींना रोज मिऱ्याची बेचव आमटी वाढत आणि स्वतः त्यांच्यासमोर बसून भाकरीवर हिरवागार खर्डा घेऊन खात, चवीचवीने, आवाज करून. नवऱ्याशी थेट बोलणंही त्यांनी कमी केलं होतं. जे काय असेल ते माझ्यामार्फत. पण पुस्तकात रेवक्का आली की मामंजींचं आत्याबाईंवाचून पान हलत नसे. बाई दिवसभर काय करते, हे एवढी फौज फिरलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. ते मला विचारत, मी चुलीपाशी जाऊन विचारी. "त्येस्नी म्हनावं," आत्याबाई म्हणत, "राजा कुनीबी असू दे, बाईला पहाटं उठून जातं वढायचंच असतंय." मी ते सोप्यात आणून पोचवी आणि मामंजी शब्दही न बदलता उतरवायला सांगत. अशी रेवक्का हळूहळू आत्याबाईंसारखीच बोलायला लागली. आत्याबाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी, असू दे, म्हणून मला जास्तीची भाकरी वाढली.

ह्यांची पत्रं इटलीहून येत. निम्म्या ओळी सरकारने शाई फासून काळ्या केलेल्या, उरलेल्या निम्म्यांत खाण्यापिण्याचं. इथले लोक टोमॅटोशिवाय जेवत नाहीत, असं एकदा ह्यांनी लिहिलं. मामंजी म्हणाले, "त्येंच्याकडंबी अजून यायचा हाय म्हनावं," आणि मला ते उत्तरात लिहायला लावलं. आत्याबाई आणि मी, आम्ही दोघी हसून हसून आडव्या झालो. ती पत्रं वाचताना घरात सण असे.

मग पत्रं थांबली. एक महिना, दोन महिने, चार महिने. टपालवाला मोटारीतून पिशवी उतरवून घ्यायचा त्या वेळी मामंजी सहज म्हणून नाक्यावर जात आणि सहज म्हणून परत येत. पुस्तक मात्र शेवटच्या प्रकरणाला आलं होतं. नागण्णा नर्मदेकडे गेलेला, सैन्य परतायला लागलेलं, आणि रेवक्का रोज नदीवर जाऊन उत्तरेकडच्या वाटेकडे बघते आहे. तिथे मामंजी थांबले आणि म्हणाले, संपलं.

मी टाक खाली ठेवला नाही. तो परत येतो की नाही, असं विचारलं. मामंजींनी मोडीचे कागद नीट रचून ठेवले. मग म्हणाले, "किती गेले आन् किती आले, त्येचा शिलालेख न्हाई, पोरी. ठाव न्हाई त्ये मी लिवत न्हाई."

आता खरं सांगते. मला त्या माणसाचा तेव्हा भयंकर राग आला. एवढी मिरची टाकली, नदी पोहले, आणि एका शिपायाला घरापर्यंत आणता येत नाही? मला वेडगळ का होईना, पण असं वाटून बसलं होतं, की नागण्णा घरी आला तर हेही येतील, आणि तो नाही आला तर माझंही काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी मामंजी मळ्यात गेल्यावर मी सोप्यात बसले आणि एका दमात चार पानं लिहिली. नागण्णाला आणला. जरासा लंगडत आणला, म्हणजे कुणाला फार खोटं वाटू नये. यादीवर नजर ठेवून एकेक शब्द तपासला, आणि ती चार पानं गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून वर दोरी बांधली.

छापायला द्यायचा तो गठ्ठा घेऊन मामंजी सांगलीला निघाले ते पायी. सैन्य एका दिवसात किती चालतं ते त्यांना शेवटचं पडताळून बघायचं होतं. डोक्यावर वीस शेराचं ओझं, त्यातच हस्तलिखित. तीन मुक्काम धरले होते, पाच लागले, कारण कासेगावच्या अलीकडे टाचेला फोड आला. छापखान्यातच बसून, हस्तलिखितात मधेच दुरुस्ती करून, त्यांनी चालुक्यांच्या सैन्यालाही त्याच जागी दोन दिवस विश्रांती दिली. सगळं सैन्य का थांबलं, याचं कारण पुस्तकात दिलेलं नाही.

परत मात्र ते मोटारीने आले, आणि उतरतानाच चेहरा फुललेला. सांगलीच्या वाचनालयात त्यांना झाडापेडांवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. पायातली वहाण न काढता ते भिंतीपाशी गेले आणि यादीत शेवटचं नाव लिहिलं: झेंडू. दसऱ्याचा, दारावरचा, गायीच्या शिंगावरचा झेंडू, तोही समुद्रापलीकडचा. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मामंजी मला म्हणाले, "बरं झालं, आपल्या पोथीत झेंडू कुटंच न्हाई." माझ्या हातातला तांब्या तिथेच सुटला. नागण्णा घरी येतो तेव्हा दारावर तोरण असतं, आणि ते मी झेंडूचं बांधलं होतं.

पुढचे तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुद्रितं सांगलीत माझ्या वडिलांनी तपासली आणि शेवट फार गोड झालाय म्हणून मामंजींना पत्र टाकलं. ते पत्र मामंजींनी मलाच वाचायला दिलं, आणि मी तेवढी ओळ गिळली. इटलीहून अजून काही नव्हतं. लढाईमुळे कागद मिळेना, पुस्तक पिवळ्या, खरखरीत कागदावर छापून आलं, आणि गावाने ठरवलं की तात्याची (मामंजींना गाव तात्या म्हणे) पोथी मारुतीच्या देवळात वाचायची, खुद्द तात्यानेच.

रोज तिसऱ्या प्रहरी वाचन चाले. पहिले काही दिवस लोक मिरचीची थट्टा ऐकायला आले, मग नागण्णासाठी येऊ लागले. त्या देवळात बसलेल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी तरी लढाईवर होतं. शेवटच्या दिवशी बसायला जागा नव्हती. आम्ही बायका खांबाच्या बाजूला, एकमेकींना चिकटून. मामंजींनी रेवक्काला नदीवर उभं केलं, आणि पुस्तक मिटायला म्हणून पान उलटलं. पलीकडे आणखी छापलेलं होतं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या घंटेकडे पाहत होते. तेवढ्यात समोर बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "तात्या, आला का न्हाई त्यो? म्होरं वाचा की."

मामंजी वाचू लागले. त्यांचा आवाज निराळा लागला, कारण आपल्याच पुस्तकात पुढे काय होणार हे त्यांना पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं. नागण्णा वाटेवर दिसला. लंगडत दिसला. रेवक्काने ओळखला. तो दाराशी आला. दाराला तोरण होतं, एवढं वाचून मामंजी थांबले. मी डोळे मिटून घेतले.

"आंब्याच्या पानांचं," ते खणखणीत आवाजात म्हणाले, आणि पुढे वाचत गेले.

देवळात एक सुस्कारा उठला. ते म्हातारे शेजाऱ्याला कोपर मारून, आला म्हणायचा गड्या, असं म्हणत पागोट्याने डोळे पुसत होते. आत्याबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणी रडत होत्या आणि मी हसत होते. मला ते हसू काही केल्या आवरेना.

घरी आल्यावर मामंजींनी मला सोप्यात बोलावलं. यादीवर बोट ठेवून विचारलं, झेंडू कसा आला. मी सांगितलं, मी लिहिलं तेव्हा तो यादीत नव्हता. हे त्यांना पटलं, नियमाचा माणूस. मग मीच धीर करून विचारलं, "आणि नागण्णा, मामंजी? त्याचा तर शिलालेख नाही."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "मानसं तवाबी परत येत हुती, पोरी," ते म्हणाले. "झेंडू त्येवडा न्हवता."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं गठ्ठे सोडून बसलो. प्रत्येक प्रतीत झेंडू खोडायचा आणि वर आंब्याची पानं लिहायची. पानं ओळीत मावत नसत, समासात चढत. माझं बोट दुखायला लागलं, त्यांचा टाक मात्र थांबत नव्हता. शेवटी एक प्रत उरली. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, ही माझी, ही मी करीन, म्हणाले आणि फळीवर ठेवून दिली.

दीड महिन्याने इटलीतल्या एका इस्पितळातून पत्र आलं, आणि त्याच्या मागोमाग आधीची हरवलेली तीन पत्रं एकदम. पायाला जखम होती, बाकी माणूस शाबूत. हे घरी आले ते पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, जरासे लंगडतच. मी लिहिलं होतं तसंच, असं मी सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी हेच मला म्हणाले, पाय निदान सरळ लिहायचा होतास.

त्या दिवशी आत्याबाईंनी कुणाला न विचारता दारावर झेंडूचं तोरण लावलं होतं. मामंजी खाली उभे राहिले, वर बघितलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. ते उंच, तोरणाला डोकं लागू नये म्हणून वाकले आणि आत जाऊन पानावर बसले. पुस्तक छापून झालं होतं तरी त्यांनी मिरचीला हात लावला नव्हता. छापलं म्हणजे पुरं झालं असं नसतं, म्हणायचे. आज त्यांनी ताट पुढे केलं आणि आत्याबाईंना, मला मधे न घेता, सरळ म्हणाले, "वाड गं. मिरची आली."

आत्याबाईंनी मूठभर खर्डा वाढला. पहिल्याच घासाला मामंजींच्या नाकाडोळ्यांतून पाणी, उचकी, ठसका. हे पाठ चोळतायत, मी गूळ शोधतेय, आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसतायत. "आठ वर्सांचं हाय, एकदम न्हाई पचायचं," त्या म्हणाल्या. मामंजींनी डोळे पुसले, सगळं तिखटावर ढकललं, आणि दुसरा घास घेतला.

मामंजींना जाऊन आता कैक वर्षं झाली. एका दुपारी जेवून सोप्यात कलंडले ते उठलेच नाहीत. ताटात मिरचीचं देठसुद्धा शिल्लक नव्हतं. गावात घरोघरी अजून ती पोथी सापडते, माळ्यावर, ट्रंकेत, कुठे देव्हाऱ्याखाली, आणि प्रत्येक प्रतीत शेवटी आंब्याची पानं समासात चढलेली. त्यांची स्वतःची प्रत फळीवरून मी त्यांच्या तेराव्याच्या दिवशी खाली काढली. शेवटचं पान उघडून बघितलं. तिथे झेंडू तसाच होता.